जिंकल्यावर वीज

(परळ-भोईवाडा इथं वस्तीतल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)



आज मी हॉकीवर बोलणार आहे. हे ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इथं नोकऱ्या कंत्राटी झाल्या, चाळी पाडून टॉवर उठले, अत्याचाराच्या बातम्या रोज पेपरात वाचायच्या, आणि हा गडी म्हणतो हॉकी! शिवाय हॉकी आपला खेळ कुठं? परळ-लालबागात कबड्डी. तिला पैसा लागत नाही. चड्डी-बनियन आणि चार हात मोकळी जमीन असली की झालं. हॉकी म्हणजे बांद्र्याच्या ख्रिश्चनांचा, पोलिसांचा, रेल्वेवाल्यांचा खेळ. हे सगळं मला मान्य आहे. तरी थोडा वेळ द्या. मला बोलायचंय ते गोलबिलाबद्दल नाही. या देशात आपल्या माणसाला माणूस म्हणून जे मिळायला पाहिजे ते कधी मिळतं, आणि कुठल्या अटीवर मिळतं, त्याबद्दल बोलायचंय. ते हॉकीत जेवढं उघडंनागडं दिसतं तेवढं मला दुसरीकडं दिसलेलं नाही.

आपण जमलोय त्या जागेचं नाव भोईवाडा. भोयांची वस्ती म्हणून भोईवाडा. भोई म्हणजे पालखी वाहणारा. पालखीत बसणारा वेगळा, खांदा देणारा वेगळा. कुठं जायचं हे आत बसलेला ठरवणार, घट्टे पडणार ते भोयाच्या खांद्याला. पालखी मुक्कामाला पोचली की बसणाऱ्याची आरती, आणि भोई ओट्याखाली. आणि पालखी कलंडली तर? तर मग भोयाची जात निघणार.

पण हे परळ नुसतं खांदा देणाऱ्यांचं नाही. इथंच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. इथंच १० जानेवारी १९७४ ला मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडी जात्यानं पँथर भागवत जाधव पडला. म्हणजे खांदा काढून घ्यायची भाषा या मातीला माहीत आहे. म्हणून हा विषय इथं काढतोय.

आता मुद्द्याला येतो.

सप्टेंबर २०११. चीनमधलं ऑर्डोस नावाचं शहर. आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी ही स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. फायनलला भारत आणि पाकिस्तान. खेळ संपला तरी गोल कुणाचाच नाही. मग शूटआउट. भारतानं ते ४-२ नं जिंकलं. त्या शूटआउटमध्ये गोल मारणाऱ्यांत एक पोरगा होता एकवीस वर्षांचा. मुंबईचा. नाव युवराज वाल्मिकी.

आडनाव पुन्हा ऐका. वाल्मिकी. उत्तरेतल्या सफाई कामगार जमातीनं घेतलेलं नाव. शहराचा मैला वाहणाऱ्या, गटारं उपसणाऱ्या माणसांचं नाव. युवराजचं घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या अलीगढकडचं, पण पोरगा मुंबईत जन्मला, मुंबईत वाढला. बाप ड्रायव्हर. घर मरीन लाइन्सला. घर म्हणायचं, पण ती एक खोली, आणि त्यात सगळं कुटुंब.

आणि त्या घरात वीज नव्हती.

खेड्यातलं सांगत नाही. मरीन लाइन्सचं सांगतोय. समोर क्वीन्स नेकलेस म्हणून पर्यटकांना दाखवतात ती दिव्यांची माळ. शेजारी वानखेडे स्टेडियम. त्याच २०११ साली २ एप्रिलला त्या वानखेडेवर क्रिकेटच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. फ्लडलाइट लावून रात्रीचा दिवस केला. आणि त्याच भागात, भारताची जर्सी घालणाऱ्या पोराच्या घरात वर्षानुवर्षं अंधार. त्या घरात दोन पोरं वाढली, अभ्यास केला, शाळेचे कपडे इस्त्रीशिवाय घातले, आणि उजेड हवा असेल तेव्हा रस्त्यावर आली. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या खोलीत कंदिलावर वाचत, असं आपण सांगतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सांगतो. ही २०११ ची गोष्ट आहे.

पाकिस्तानला हरवलं, मग पेपरवाले घर शोधत आले. कॅमेरे आले. आत शिरल्यावर त्यांना कळलं की कॅमेऱ्याची वायर खुपसायला बोर्डच नाही. बोभाटा झाला. मुख्यमंत्र्यांनी दहा लाखांचं बक्षीस जाहीर केलं. आणि घरात वीज आली.

टाळ्या वाजवू नका. मी याच्यावरच बोलायला आलोय.

वीज आली हे चांगलंच झालं. पण का आली? पोरगा या शहराचा नागरिक म्हणून आली नाही. बाप आयुष्यभर राबला म्हणून आली नाही. घटनेत समतेचं कलम आहे म्हणूनही आली नाही. पोरानं पाकिस्तानविरुद्ध गोल मारला म्हणून आली. मग मी विचारतो, बॉल गोलकीपरच्या पॅडला लागून बाहेर गेला असता तर? त्या घरानं अंधारातच राहायचं होतं? शेजारच्या घरातल्या पोरानं हॉकी खेळलीच नाही, त्याचं काय? त्यानं कुणाविरुद्ध गोल मारायचा?

बक्षीस आणि हक्क यांतला फरक हा आहे. हक्क हरलेल्यालाही असतो. खेळता न येणाऱ्यालाही असतो. लंगड्याला, म्हाताऱ्याला, नापासालाही असतो. बक्षीस एकाला मिळतं आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला उभं करतं. आपल्या वाट्याची वीज, पाणी, घर हे सगळं या व्यवस्थेनं बक्षिसाच्या कपाटात ठेवलंय. कुणी एक जिंकला की कपाट उघडायचं, एक वस्तू काढायची, फोटो काढायचा, कपाट बंद.

आता त्याच विजयाची दुसरी बाजू ऐका. ती तुम्हाला माहीत पाहिजे, कारण तिच्यात लाचारी नाही. टीम जिंकून आली आणि हॉकी इंडियानं प्रत्येक खेळाडूला बक्षीस जाहीर केलं पंचवीस हजार रुपये. त्याच वर्षी क्रिकेटवाल्यांना त्यांच्या बोर्डानं वर्ल्ड कपच्या रात्री जाहीर केले ते एकेकाला एक कोटी. क्रिकेटवाल्यांचा मला राग नाही. तेही घाम गाळतात. पण पंचवीस हजार! हॉकीच्या पोरांनी ते पैसे नाकारले. सरळ सांगितलं, नको. कुणी मोर्चा काढला नाही, घोषणा दिली नाही. नुसतं नको म्हणाले. आणि दिल्लीचं सरकार हललं. क्रीडा खात्यानं प्रत्येकी दीड लाख जाहीर केले. भोयानं पालखी जरा वेळ खाली ठेवली की आत बसलेल्याला बाहेर डोकावून बघावं लागतं, ते असं.

पुढचं ऐका. त्या विजयानंतर युवराजला घराचं आश्वासनही मिळालं होतं. २०२१ साली, म्हणजे दहा वर्षांनी, तो जाहीरपणे सांगत होता की आश्वासनातलं घर अजून मिळालेलं नाही. दहा वर्षांत सरकारं आली, गेली. पक्ष बदलले, झेंडे बदलले. फाईल तिथंच. तोवर हा पोरगा २०१४ चा वर्ल्ड कप हेगला खेळून आला. धाकटा भाऊ देविंदर २०१६ ला रिओ ऑलिंपिकला खेळून आला. त्याच एका खोलीतून दोन आंतरराष्ट्रीय खेळाडू निघाले, त्यातला एक ऑलिंपिकवीर. मेरिट, मेरिट म्हणून आपल्या कानाशी ढोल वाजवणाऱ्यांना विचारा, वीज, एसी, क्लास आणि डोनेशन असलेल्या किती फ्लॅटांतून दोन-दोन निघाले?

मेरिट कसं तयार होतं तेही सांगतो, म्हणजे हा शब्द पुन्हा कुणी तोंडावर फेकला तर उत्तर देता येईल. मरीन लाइन्सच्या या पोरांच्या घरात वीज नव्हती, पण दोन गोष्टी होत्या. एक, चर्चगेटजवळ मुंबई हॉकी असोसिएशनचं स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुसरी, मर्झबान पटेल नावाचा एक पारशी माणूस. सगळे त्याला बावा म्हणतात. या माणसानं आयुष्य गरीब पोरांना हॉकी शिकवण्यात घातलं. कुणाला स्टिक दिली, कुणाला बूट. त्याच्या हाताखालून किती पोरं देशाकडून खेळली, त्यांत हे दोघे भाऊ. त्याच्या क्लबचं नाव रिपब्लिकन स्पोर्ट्स क्लब. हसू नका, आपल्या पक्षाचा नव्हे तो. २०१९ ला सरकारनं या बावाला द्रोणाचार्य पुरस्कार दिला.

द्रोणाचार्य! या देशात खेळाच्या गुरूला देतात त्या सर्वांत मोठ्या पुरस्काराचं नाव कुणाचं ठेवलंय बघा. एकलव्याचा अंगठा ज्यानं मागितला त्याचं. आणि दिला कुणाला, तर ज्यानं वाल्मिकीच्या पोराच्या हातात स्टिक दिली त्याला. बावाला पुरस्कार मिळाला, आनंद आहे. पण नाव ठेवणाऱ्यांना शरम वाटली नाही.

तर मैदान जवळ असलं आणि शिकवणारा माणूस असला की मेरिट उगवतं. मेरिट रक्तात नसतं, गोत्रात तर नसतंच. ओडिशातला सुंदरगढ जिल्हा बघा. आदिवासींचा मुलूख. तिथं पोरं बांबूच्या काठ्यांनी खेळत वाढली. तिथून दिलीप तिर्की आला, भारताचा कॅप्टन झाला, चारशेच्या वर मॅचेस खेळला, आणि २०२२ ला हॉकी इंडियाचा अध्यक्ष झाला. तिथं होस्टेलं झाली, टर्फ टाकली, मग टोकियोच्या टीममध्ये सुंदरगढची पोरंपोरी दिसली. अमित रोहिदास, बिरेंद्र लाक्रा, मुलींत दीप ग्रेस एक्का. भारताला हॉकीत १९८० नंतर ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं ते २०२१ च्या त्या टोकियोत. २०२४ ला पॅरिसला परत मिळालं. टर्फ टाकायच्या आधी या पोरांच्यात मेरिट नव्हतं काय? होतंच. फक्त त्याला उभं राहायला जागा नव्हती.

आता टर्फबद्दल दोन शब्द. आपल्या देशानं १९२८ ते १९५६ लागोपाठ सहा सुवर्णपदकं घेतली, ती गवताच्या मैदानावर. १९७६ ला मॉन्ट्रियलला पहिल्यांदा ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून रडगाणं चालू आहे की गोऱ्यांनी टर्फ आणून आपली हॉकी मारली. असेल. पण त्या टर्फनं आणखी एक गोष्ट केली. खेळ महाग केला. माळावर, मिलच्या आवारात, रेल्वेच्या यार्डात खेळता येणारा खेळ कोटीकोटींच्या गालिच्यावर गेला. आणि हा गालिचा पाणी पितो. मॅचच्या आधी तो फवाऱ्यांनी भिजवावा लागतो, नाहीतर बॉल नीट पळत नाही आणि खेळाडू पडला तर सालटं निघतात. आपल्या बायका पहाटे चारला उठून नळाच्या रांगेत हंडे लावतात. त्या घरातल्या पोराला सांगायचं, ये, हॉकी खेळ, पण पाणी घातलेलं मैदान आण. महाडला १९२७ ला आपण पाण्यासाठी गेलो होतो ते नुसतं प्यायला नव्हे. पाणी माणसाचं म्हणून सगळ्यांचं, हे सांगायला गेलो होतो. टर्फवरच्या पाण्यालाही तोच कायदा लागू आहे.

आता जरा मागं जातो. कारण कुणी म्हणेल, हे एकट्या वाल्मिकी घराण्याचं नशीब. नशीब नव्हे, रीत आहे.

१९२८. ॲमस्टरडॅम. भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक. भारतानं २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही. ध्यानचंदचं नाव सगळ्यांना पाठ. कॅप्टन कोण होता, विचारा. जयपालसिंग मुंडा. रांचीकडच्या टकरा गावचा आदिवासी. ऑक्सफर्डला शिकलेला, आयसीएसला निवडला गेलेला. ऑलिंपिकसाठी रजा मागितली, मिळाली नाही. हा गेलाच. आयसीएस गेली. म्हणजे त्या काळात ज्या नोकरीसाठी बामणांची पोरं देव पाण्यात घालून बसत, ती या मुंड्याच्या पोरानं हॉकीसाठी सोडली. आणि तिथं संघाच्या व्यवस्थापनाशी बिनसलं तेव्हा फायनलच्या आधी कॅप्टनपद सोडून निघून आला. पदक टीमला मिळालं, कॅप्टन मैदानात नव्हता. पुढं हाच माणूस आदिवासी महासभेचा नेता झाला, घटना समितीत गेला. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर १७ तारखेला बाबासाहेब बोलले आणि १९ तारखेला जयपालसिंग बोलले. जंगली म्हणून हिणवता तो मीच, असं छाती काढून त्यांनी त्या सभागृहात सांगितलं. हॉकीची स्टिक ठेवून हा माणूस कुठल्या मैदानात उतरला ते लक्षात घ्या.

आपल्या मुंबईत क्रिकेटमध्ये पी. बाळू होता. पळवणकर बाळू, चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच झाडायचा, नेटमध्ये बॉलिंग टाकायचा. त्याची बॉलिंग हिंदूंच्या टीमला पाहिजे, पण चहा त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळ्या मॅचेस धरून त्यानं शंभरावर विकेटा काढल्या. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला, त्या सत्काराच्या कामात तरुण भीमराव होता. एवढं करून बाळूला हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद कधी मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल, त्याला ते मिळायला १९२३ उजाडलं. बॉल शिवायचा, माणूस शिवायचा नाही.

जातीचं सोडा म्हणाल तर धनराज पिल्लेकडं या. पुण्याजवळ खडकी, तिथं दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत वाढलेला, तमिळ घरातला पोरगा. मराठी आपल्यासारखीच बोलतो. नवी स्टिक घ्यायला पैसे नव्हते म्हणून मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळला. तोच चार ऑलिंपिक खेळला, चार वर्ल्ड कप खेळला. डिसेंबर १९९८ ला बँकॉकला त्याच्या कॅप्टनशिपखाली भारतानं आशियाई स्पर्धेचं सुवर्ण ३२ वर्षांनी आणलं. आणि परत आल्यावर? पुढच्या मालिकेला धनराज आणि त्याच्याबरोबरचे सहा सीनियर टीमबाहेर. सांगितलं, विश्रांती दिलीय. बाहेर सगळ्यांना कळलं होतं की मॅचचे पैसे मागितले त्याची ही शिक्षा. कामगार वसाहतीतला पोरगा पगार मागतो म्हणजे काय! गिरणीत बोनस मागितल्यावर मालक जे करायचे तेच फेडरेशननं केलं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आणि गोपाल भेंग्रा. झारखंडचा आदिवासी. १९७८ चा वर्ल्ड कप भारताकडून खेळला. नंतर पोटासाठी खाणीत दगड फोडत होता. पेपरात वाचून सुनील गावसकरांनी दरमहा मदत सुरू केली. गावसकरांचे आभार. पण देशाचा खेळाडू दगड फोडतो तेव्हा देश कुठं असतो? एका क्रिकेटवाल्याच्या चांगुलपणावर सोडून देश झोपलेला असतो.

आता मी शेवटची गोष्ट सांगतो, ती बहिणींनी नीट ऐकावी.

वंदना कटारिया. हरिद्वारजवळ रोशनाबाद गाव. दलित घर. पोरीनं हॉकी खेळू नये म्हणून गावात कुजबुज, बाप पाठीशी उभा राहिला. मे २०२१ ला बाप गेला. ही तेव्हा ऑलिंपिकच्या कॅम्पात, कोरोनाचे निर्बंध, शेवटचं तोंड बघायला जाता आलं नाही. दोन महिन्यांनी, ३१ जुलैला, टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. त्या दिवशी ती देशाची बेटी झाली. टीव्हीवर, पेपरात, पुढाऱ्यांच्या तोंडी, सगळीकडं बेटी.

४ ऑगस्टला भारत सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून १-२ नं हरला. त्याच दिवशी रोशनाबादला तिच्या घरापुढं गावातल्या सवर्णांनी फटाके फोडले. नाचले. जातीवरून शिव्या दिल्या, आणि टीममध्ये दलित जास्त झाले म्हणून हरलात असं घरच्यांना ऐकवलं. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. घरचे घाबरून गेले. आणि ती पोरगी तिकडं जपानात, दोन दिवसांनी ब्राँझची मॅच खेळायची होती. ती खेळली. त्या मॅचमध्येही तिनं गोल मारला. भारत ३-४ नं हरला, चौथा आला.

३१ जुलै ते ४ ऑगस्ट. पाच दिवस. बेटी ते जात, एवढाच प्रवास. जिंकलीस तर देशाची, हरलीस तर तुझ्या जातीची. विजयाचा सातबारा देशाच्या नावावर, पराभवाचा आपल्या नावावर. आणि अर्जेंटिनाकडून हरलेल्या टीममध्ये बाकीच्याही पोरी होत्या ना? फटाके एकीच्याच दारात का?

हीच ती पालखी. मरीन लाइन्सला वीज आणणारा हात आणि रोशनाबादला फटाक्याची वात पेटवणारा हात, दोन्ही एकाच अटीवर चालतात. आमच्यासाठी जिंक, मग बघू. त्या अटीवर मिळालेला मान परत घ्यायला एक हार पुरते. म्हणून मी म्हणतो, ती अटच नाकारा.

वंदना थांबली नाही. २०२२ ला पद्मश्री मिळाली, आणि एप्रिल २०२५ ला निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय मॅचेस आणि १५८ गोल होते. भारताकडून तिच्याएवढ्या मॅचेस खेळलेली दुसरी बाई तेव्हा नव्हती. फटाके फोडणाऱ्यांच्या नावावर काय आहे? एक गुन्हा.

आता आपल्याकडं. भोईवाड्यात, परळात, नायगावात आपण काय करायचं?

पहिलं, मैदान. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार देशोधडीला लागले. गिरण्यांची जमीन राहिली. १९९१ च्या नियमात लिहिलं होतं की विकास करायचा तर जमिनीचे साधारण तीन वाटे, एक मालकाला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला. २००१ ला हळूच एक शब्द फिरवला. वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? २००६ ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. आपल्या पोरांची मैदानं तिथं गेली. ती कुठल्या मॅचमध्ये हरली नाहीत, कागदावर हरली. आज त्या जागेवरच्या टॉवरमध्ये आतल्या आत टर्फ आहे, स्विमिंग पूल आहे, गेटवर वॉचमन आहे. वॉचमन आपला.

आपल्या लोकांना वारसाहक्कानं काय मिळतं? लाड-पागे कमिटीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या पोराला बापाच्या जागी नोकरी मिळते. बापाची झाडू पोराच्या हातात. ती नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. पोटाला लागते, आणि कंत्राटदारापेक्षा बरी. पण झाडू वारशानं आणि मैदान बक्षिसानं, हा हिशोब उलटा केला पाहिजे.

तेव्हा वॉर्ड ऑफिसात जा. विकास आराखड्यात आपल्या भागात खेळाच्या मैदानाची आरक्षणं किती, त्यांवर आज काय उभं आहे, माहितीच्या अधिकारात मागा. नकाशा घेऊन प्रत्येक जागेवर जाऊन बघा. महापालिकेच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे का, विचारा. शाळेचं मैदान संध्याकाळी लग्नाला भाड्यानं जातं की पोरांना मिळतं, बघा. जयंतीला डीजेवर लाख रुपये उडवतो आपण. त्यातले वीस-पंचवीस हजार काढा, डझनभर स्टिका आणि बॉल येतील. आणि मंडळाच्या पोरांनो, मैदानाची संध्याकाळची वेळ पोरींना सोडा. त्यांना नाक्यावर टोमणे मारणारा आपल्यातला असेल तर तोही रोशनाबादवालाच आहे, जयभीम म्हणत असला तरी.

दुसरं. आपल्यातला कुणी जिंकून आला तर हार घाला, खांद्यावर घ्या, हलगी वाजवा. पण त्याच दिवशी त्याच्या शेजारच्या घरात वीज आहे का, पाणी आहे का, ते विचारायला जा. पुढारी फोटोला उभा राहिला की त्याला सगळ्या चाळीचं विचारा, एका खोलीचं नको. आणि हरून आला तर? तर आधी जा. जिंकलेल्याच्या दारात सगळेच असतात. हरलेल्याच्या दारात आपण नसलो तर तिथं फटाके घेऊन दुसरे कुणी येतात, हे आपण बघितलंय.

तिसरं आणि शेवटचं. आपली पोरं देशाकडून खेळोत, खूप खेळोत. देश त्यांचाही आहे, कुणाच्या बापाचा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला देश नाकारायला शिकवलं नाही, देशाकडं हिशोब मागायला शिकवलं. स्टिक हातात घ्यायची ती नागरिक म्हणून. पालखीचा दांडा म्हणून नव्हे. त्या पोरांनी पंचवीस हजार नको म्हणून सांगितलं तेव्हा ते असेच उभे होते.

मरीन लाइन्सच्या त्या खोलीत वीज यायला दोन देश, एक फायनल आणि एक शूटआउट लागलं. आपल्या बाकीच्या खोल्यांसाठी एवढे शूटआउट कुठून आणायचे? म्हणून म्हणतो, गोल मारणारे गोल मारतील. वीज मागायचं काम आपलं.

जयभीम.